लाल चौकोनातलं शेत

गेवराई,
१७ ऑक्टोबर २०२४

चि. रविराजला काकूचे अनेक आशीर्वाद.

तब्येत बरी असेल. पत्ता बघून दचकू नकोस, चार दिवस भावाकडे आलेय. फोनवर तू मध्येच "काकू, आधी ऐक तर" सुरू करतोस, म्हणून लिहितेय. आता तू ऐक.

गेल्या वर्षी तू पुण्यात बसून आपल्या मांजरसुंब्याचा तो नकाशा केलास आणि हौसेनं काकांच्या मोबाइलवर धाडलास. ज्या रानाच्या शेजारी बांधकाम, ते रानही पुढं बांधकामाखाली जाणार, असं तुझा कॉम्प्युटर धरून चालतो म्हणे. आपलं शेत लाल चौकोनात, म्हणजे जाणारच! काकांनी अख्ख्या गावाला दाखवलं. "पुतण्यानं काढलाय."

झालं. शेजारच्या गहिनीनाथनं बांधाला लागून प्लॉट पाडले. ते बघून पलीकडच्या भारतनं गाळे बांधले. आणि काका म्हणतात, रवीचा अंदाज खरा ठरला! अरे, नकाशा बघूनच केलं की त्यांनी! याला अंदाज म्हणायचं का?

यंदा काकांनी ज्वारी पेरलीच नाही. दरवर्षी सुग्रीव खतासाठी रानात मेंढ्या बसवतो, त्यालाही वाटेतून परत पाठवलं. मी विचारलं, तर म्हणे, "लाल झालंय ते रान. कावून पेरायचं?"

त्याच दिवशी मी पिशवी भरली. वर चार दिवस लिहिलं, ते खरं नाही. महिना होत आला. घरी कुणाला बोलू नकोस.

काल काका आले. ओसरीवर बसले, चहा नको म्हणाले.

मी विचारलं, "रान बिगरशेती करायच्या त्या एनएच्या कागदावर सही केली?"

"न्हाई."

मग म्हणाले, "नकाशाचं सोड. गहिनीनाथ शेती सोडून गेला, भारतबी गेला. बांधावर दोन शब्द बोलायला माणूस उरलं न्हाई. एकट्यानं काय शेती करायची?"

रवी, महिनाभर मनात घोळवलेली सगळी भांडणं मी विसरले. लई राग आला, पण कुणाचा ते कळेना. हे आधी बोलायला काय झालं होतं या माणसाला?

म्हटलं, "मी हाय की. मला बांधावर बसता येत न्हाई का?"

हसले नाहीत. पण चहा मागितला.

उद्या परत निघतोय. पेरणीला उशीर झालाय, तरी पेरणार. सुग्रीवलाही निरोप धाडलाय. दिवाळीला ये, पण काकांना नवीन काही दाखवलंस तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी काकू, आणि उद्यापासून काकांची शेजारीण,
विजयमाला