उपाशी बुरशीचे पाणी मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सूक्ष्मजीव जतन विभाग,
मध्यवर्ती प्रयोगशाळा.

विषय : चौथ्या मजल्यावरील बुरशीच्या नळ्या नष्ट करण्यापूर्वी त्या बुरशीचे पाणी काढून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ‘मृत कर्मचाऱ्याच्या ताब्यातील जिवंत साहित्याची विल्हेवाट’.

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून आपल्या चौथ्या मजल्यावर काम करणाऱ्या संशोधिकेचा बाप आहे. तिला जाऊन पाचवा महिना सरत आला. आपल्याकडे हा माझा तिसरा अर्ज. आधीच्या दोन अर्जांत मागितले ते मिळण्याजोगे नव्हते, असे आपल्या उत्तरांवरून समजले. म्हणून या वेळी मागणे कमी करून आणले आहे. ते कसे कमी झाले हे सांगण्यात थोडी लांबण लागेल. जन्मभर लहान मुलांना शिकवले, त्यामुळे मधली पायरी गाळता येत नाही.

१. सदर बुरशी मूळची आमच्या घरची. माझ्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी आसपासची मुले शिकायला येतात. तिथला लाकडी फळा ओल आलेल्या भिंतीला टेकून असे. एकदा तो पुसायला काढला, तर पाठीवर करडी लव धरलेली. मी फडके घेऊन सरसावलो, तेवढ्यात मुलगी ओरडली, “बाबा, हात लावू नका, ती माझी आहे.” तिने काडीने ती लव खरवडून काचेच्या नळीत घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेली. पुढे भिंत दुरुस्त झाली, फळाही बदलला. आता ती बुरशी जगात कुठे असलीच, तर आपल्या शीतकपाटात आहे.

२. त्या बुरशीचा गुण आपण जाणताच, तरी मुलांना सांगतो तसा सांगतो. बुरशी आधी भरपूर खाऊ घालून वाढवायची. मग धुऊन स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवायची. उपाशीपोटी ती आपल्या अंगातले काहीबाही पाण्यात सोडते. नंतर पाणी गाळून घ्यायचे आणि बुरशी बाजूला काढायची. त्या पाण्यात चांदीचा क्षार विरघळवून टाकला की ते हळूहळू कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. पाण्यात विरघळून दिसेनाशी झालेली चांदी पुन्हा कणाकणाने गोळा होते. कण इतके बारीक की धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर. अशी चांदी लावलेल्या पट्टीखाली जखम चिघळू नये, एवढ्यासाठी माझ्या मुलीचा सगळा खटाटोप होता. तिच्या आईची पायाची जखम चिघळली होती, त्यातच ती गेली. मुलगी तेव्हा शाळेत होती. याविषयी ती कधी बोलली नाही.

३. पहिल्या अर्जात मी एवढेच विनवले होते की, कोणीतरी ती बुरशी दर दोन-तीन महिन्यांनी नव्या नळीत, नव्या खाद्यावर घालत राहावे, नाहीतर ती सुकून जाईल. आपले उत्तर आले की सदर पद रिक्त आहे आणि रिक्त पदाचे काम दुसऱ्यास सांगता येत नाही.

४. दुसऱ्या अर्जात नळ्या मलाच द्याव्यात, असे म्हटले. त्यावर ज्याने नळ्या जमा केल्या त्याची लेखी संमती मागवण्यात आली. महोदय, नळ्या जमा करणारी माझी मुलगीच; ती असती तर संमतीचा प्रश्नच नव्हता. हे मी भांडारपालांना समक्ष सांगितले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, “गुरुजी, नियम काही माझ्या बापाने केलेला नाही हो.” माणूस भला आहे. त्यांच्यावर राग नाही. तिच्या टेबलावरच्या वस्तू त्यांनीच पिशवीत भरून दिल्या : चपला, छत्री, कप. कप तिचा नव्हता, म्हणून मी परत नेऊन दिला. तो कोणाचाच नाही असे ठरल्याने पुन्हा मलाच मिळाला. हल्ली मी त्यातूनच चहा पितो.

५. त्याच वेळी जिन्यात झाडणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “त्या बुरशीनंच बाईंना खाल्लं म्हणतात, म्हणून वाफेत घालणार आहेत.” असे खरेच कोणाच्या मनात असेल, तर ते काढून टाकावे. तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आहे. त्यात बुरशीचा काही दोष नाही. दोष द्यायला कोणी सापडले असते, तर ते मलाही सोयीचे झाले असते.

६. आता संदर्भातील पत्र. त्यात लिहिले आहे की जिवंत साहित्य खासगी व्यक्तीस देता येत नाही. मात्र येत्या सोमवारी वाफेने निर्जीव केल्यानंतर, ओळखपत्र दाखवून व पोच देऊन, ते सीलबंद पिशवीत वारसास नेता येईल. हे मी पुन्हा पुन्हा वाचले. जिवंत असेपर्यंत माझे नाही आणि मेले की माझे. महोदय, एका वर्षात अशी पोच मी एकदा इस्पितळात दिलेली आहे. दुसऱ्यांदा सहीसाठी हात उचलणार नाही. सबब, पिशवी नको.

७. मुलांचे सांगायचे राहिले. दर शनिवारी ती मुलांना काहीतरी दाखवत असे. जाण्यापूर्वीच्या शनिवारी तिने बुरशीची ही सगळी गोष्ट तोंडी सांगितली आणि पुढच्या खेपेला रंग समोर आणून दाखवते, असे कबूल केले. एका मुलीने विचारले, “चांदी आहे तर चमकत का नाही?” ती म्हणाली, “फार बारीक झाली की चांदी आपला रंग विसरते.” मग सर्वांत धाकटीने विचारले, “ताई, मग ती बाजूला काढलेली बुरशी? तिला कळतं का, आपलं काम पाण्यात अजून चालू आहे ते?” माझ्या मुलीला सहसा उत्तर शोधावे लागत नसे. तेव्हा मात्र तिने मुदत मागितली. “विचार करून पुढच्या शनिवारी सांगते,” म्हणाली.

पुढचा शनिवार आला, मुलेही आली. मी त्यांना पाढे म्हणायला लावले. धाकटी अजून मधूनच विचारते, “ताईंनी सांगितलं होतं का तुम्हाला?” मी चाळीस वर्षे शिकवले. येत नसेल तर येत नाही म्हणावे, हे मीच मुलांना शिकवत आलो. या प्रश्नाला मात्र मी पुढचा पाढा म्हणायला सांगतो.

८. म्हणून हे शेवटचे मागणे. सोमवारी नळ्या वाफेत घालण्याऐवजी थोडी मुदत द्यावी. त्यातली चिमूटभर बुरशी वाढवून, धुऊन, स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवावी. मग पाणी गाळून मला द्यावे आणि बुरशीचे नियमाप्रमाणे जे करायचे ते करावे. मी अडवणार नाही. गाळलेले पाणी जिवंत साहित्यात बसत नाही आणि मृत साहित्यातही बसत नाही, तेव्हा ते देण्यास मनाई करणारा नियम बहुधा नसावा. हे काम पद रिक्त असल्याने होत नसेल, तर दाराबाहेरच्या बाकावर बसून मी सांगाल ते धुऊन, पुसून देईन. चांदीचा क्षार आमच्या जवळच्या शाळेतील विज्ञानाच्या बाई घालणार आहेत. मुलांना हात लावू देणार नाही.

पाणी रंगले की धाकटीला मी एवढेच म्हणेन की, ताईला उत्तर द्यायचे राहून गेले, आता आपण दोघे मिळून बघू.

सोमवारपूर्वी उत्तर येईल या आशेवर असलेला,
आपला नम्र,

(सही)
चौथ्या मजल्यावरच्या बाईंचे वडील

दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. काचेची रिकामी बाटली, बुचासह. उकळून, उन्हात वाळवून आणली आहे. कमी पडल्यास दुसरी आणतो.