खिळ्यावरची पिवळी पिशवी

गुरुवार, ५ मार्च २०२६. सकाळी ११ वाजून २० मिनिटं

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. याच मिनिटाला मोबाईलवर मेसेज वाजला आणि विमा कंपनीने मला मिरगीची रोगी ठरवलं.

मला! सहासष्ट वर्षांत एकदा साधी घेरी आलेली नाही. चौतीस वर्षं उभं राहून इंग्रजी शिकवलं, खुर्चीला पाठ लावली नाही. आणि हे लिहितात — "मिरगीवरील दीर्घ उपचारांचा पूर्वेतिहास. प्रस्ताव नामंजूर." खाली नाव नाही, सही नाही. त्याच्याही खाली — "आपले आरोग्य, आमची जबाबदारी"! निर्लज्ज.

राजूला फोन लावला. राजू म्हणजे माझा एजंट, केनवडचा. माझाच जुना विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत पस्तीस, तेही कसेबसे. "मॅडम, कायले टेन्शन घेता? मी इचारून सांगतो." त्याचं इचारून म्हणजे आठवडा गेला.

आठवडे आहेतच किती? शाळेची गटाची पॉलिसी ३१ मार्चला संपते. निवृत्तांना यापुढे गटात ठेवता येत नाही, असं संस्थेने कळवलं. एका ओळीत. सरकारचं ज्येष्ठांचं कार्ड सत्तरीला मिळतं. म्हणजे मधली चार वर्षं धम्मदीपा भगत हिने आजारी पडायचं नाही!

शुक्रवार, ६ मार्च

इंझोरीला जाऊन जमनाबाईला भेटले. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. विम्याचं नाव काढलं की तिचं ठरलेलं — "आपल्याले काय होते?" मागच्या पावसाळ्यात अकोल्याला अकरा दिवस आयसीयूत होती. ती वाचली, घर गेलं. आता भाच्याकडे मागच्या खोलीत राहते. सोयाबीनची पोती, आणि पोत्यांशेजारी हिची खाट.

भाचा वाईट नाही. भाचेसूनही नाही. पण मला चहा द्यायचा होता तर जमनाबाईने आधी भाचेसुनेच्या तोंडाकडे पाहिलं. जी मुख्याध्यापकांना दम भरायची ती बाई!

मरणाचं मला काही वाटत नाही. त्या खाटेचं वाटतं.

सोमवार, ९ मार्च

मानोऱ्याहून सकाळच्या एसटीने वाशिम. दोन ऑफिसं पालथी घातली. पहिल्यात टेबलावरच्या माणसाने मान वर न करता वय विचारलं आणि मान वर न करताच "नाही" म्हणाला. दुसऱ्यात परवडेल असा हप्ता होता. फॉर्म भरत गेले. चौदावा प्रश्न — यापूर्वी कोणत्याही कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला आहे काय?

कॉम्प्युटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "'नाही'वर टिक करा ना. कोन पाह्यते?"

"मी पाहते ना!"

"मंग नाई भेटनार, आजी."

आजी! फॉर्मला दोन घड्या घालून तो तिच्या हातात दिला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑगस्टीन आमच्या वह्या तपासताना म्हणायच्या, खाली नाव लिहिलंस ना, मग वरचं सगळं तुझं. तेव्हापासून खोट्याखाली नाव लिहिलं नाही. आता या वयात एका टिकेसाठी सुरुवात करू?

येताना उभ्याने आले. गुडघे बोलत होते.

बुधवार, ११ मार्च

राजू आला. हातात माझी पिवळी पिशवी.

"मॅडम, कंपनीनं मनानं नाई लिहिलं. तुमच्याच कागदावरून लिहिलं."

"माझ्या कागदावरून?"

"या पिशवीतले. तुमीच तं देल्ले."

मीच दिले. आमच्याकडे प्रत्येक घरी दाराआड खिळ्यावर अशी एक पिशवी असते — एक्स-रे, रिपोर्ट, चिठ्ठ्या, जन्मापासूनचं सगळं तिच्यात. राजूने जुने कागद मागितले तेव्हा मी पिशवी तशीच काढून दिली होती. वर ऐटीत म्हणाले होते, "ने सगळी. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

तो पुढे बोलतच होता. "कबूल केलं तं कंपनी घेते मॅडम. हप्ता दीडपट लावन, अन् तीन वर्सं मिरगीचा खर्च देनार नाई. बाकी सगळा देनार."

"जे मला नाही ते मी कबूल करू? निघ!"

तो गेल्यावर पिशवी पलंगावर उपडी केली. माझ्या डोळ्यांचे, दातांचे कागद. आणि तळाशी, पिनेने टाचलेले, वाशिमच्या डॉ. यास्मीन यांच्या अक्षरातले — कु. धम्मदीपा भगत, वय ५७. मिरगीच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक.

नाव माझं. मिरगी संस्कृतीची.

कशी विसरले मी? विसरले नाही. नऊ वर्षं दर महिन्याला त्या गोळ्या आणते आहे, म्हणूनच दिसेनाशा झाल्या.

संस्कृती म्हणजे शेजारच्या सोजरबाईची मुलगी. दहावीला माझ्याकडे शिकवणीला यायची. एका दुपारी याच खोलीत, याच फरशीवर पडली — तोंडाला फेस, हातपाय ताठ. धावत आलेल्या सोजरबाईने आधी दार लावलं, मग पोरीकडे पाहिलं. तिचा नवरा इंद्रभान म्हणाला, "गावात मालूम झालं तं पोरगी घरात राह्यते जनमभर." मीच तिला वाशिमला नेलं. दवाखान्यात निम्मा मानोरा बसलेला, आणि कंपाउंडर नावं पुकारतो गावभर ऐकू जाईल अशी. आत डॉ. यास्मीन यांनी पोरीला तपासलं आणि पेन उचललं. "नाव काय घालू?"

मी म्हटलं, माझं घाला.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. घातलं.

तर खोट्याखाली नाव लिहिलं होतं मी. दुसऱ्याच्या हाताने.

गुरुवार, १२ मार्च

राजूचे तीन फोन. उचलले नाहीत.

शनिवार, १४ मार्च

चौथा उचलला. म्हटलं, कागद माझे नाहीत, दुसऱ्या कोणाचे तरी माझ्या नावावर झाले आहेत. त्याने कंपनीला विचारलं. उत्तर असं — त्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि कंपनीचा माणूस तिच्या राहत्या घरी येऊन खात्री करणार.

"नाव सांगा फक्त. मी सोता जाऊन सही घेऊन येतो. कोन हाय? वळखीतलं हाय काय?"

ओळखीतलं! तुझ्या चुलतभावाची बायको आहे, गाढवा! मागच्या वर्षी तिच्या लग्नात तूच बुंदी वाढत होतास.

— हे बोलले नाही. पावशेर रक्त आटलं.

लग्नाआधी मी सोजरबाईला सांगितलं होतं, मुलाकडच्यांना सांगा. तिने माझे पाय धरले. मी गप्प बसले. तेव्हापासून गोळ्या कुरडयांच्या डब्यातून केनवडला जातात. डॉ. यास्मीन वारल्या. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर जुना कागद बघून नवा लिहितात, रोगी कुठे आहे विचारत नाहीत.

सोमवार, १६ मार्च

सोजरबाईला बोलावून सगळं सांगितलं. नाव द्यावं लागेल म्हटलं.

ती उठली आणि माझ्या मोरीतली भांडी घासायला बसली. ती माझ्याकडे कामाला नाही! शेजारीण आहे. "ठेव ती," म्हटलं. ठेवली नाही. भांड्यांकडे बघतच म्हणाली —

"राग नका येऊ देऊ मॅडम. तुमाले काय, तुमचा एकटीचा जीव हाय. तिचा संसार हाय."

मी दाराकडे बोट दाखवलं. ती गेली, ओल्या हातांनी.

एकटीचा जीव म्हणजे काय? अर्धा असतो? त्याला कमी दुखतं? संसार नाही म्हणून मी पोत्यांशेजारी पडायचं?

मंगळवार, १७ मार्च

पत्र लिहिलं. संस्कृतीचं पूर्ण नाव, सासरचा पत्ता, पहिली तारीख, सगळं. सुंदर अक्षर आलं आहे. उद्या रजिस्टर करते.

बुधवार, १८ मार्च

गेले नाही. ऊन फार होतं.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. पोस्ट बंद. बरं झालं — आणि बरं का झालं ते कळेना.

सोजरबाईकडून दरवर्षी पुरणपोळी येते. आज आली नाही.

शनिवार, २१ मार्च

दहाच्या सुमारास दारात मोटरसायकल थांबली. संस्कृती आणि तिचा नवरा गोपीचंद. मी त्याला लग्नात पाहिला तेवढाच. सोजरबाईने काय सांगून पाठवलं असेल? आणि याच्यासमोर आता काय बोलायचं?

त्यानेच तोंड उघडलं. "मॅडम, मले दिवाळीपासून माईत हाय. वावरात पडली होती. मीच उचललं."

"आणि?"

"आणि काय? पानी पाजलं. घरी आनलं. मायले सांगतलं, ऊन लागलं." मग चपलेकडे बघत, "कुरडया एवढ्या कोन खाते, मले तवाच समजाले पायजे होतं."

हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

संस्कृती उभीच होती. शिकवणीत उत्तर द्यायला उभी राहायची तशी, हात मागे. "मॅडम, मायनं सांगतलं. मी तिले लय बोलली. तुमी माझं नाव लिहा. मिरगी मलेच हाय."

नऊ वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्ही 'ते' म्हणायचो.

"आणि घरी?"

गोपीचंद म्हणाला, "बा ठेवनार नाई घरात. तिले तं नाईच. मंग वाशिमले खोली करू. मी हमाली करीन." ज्याने उभ्या आयुष्यात स्वतःच्या वावराबाहेर काम केलेलं नाही, तो हे किती सहज म्हणाला! ती त्याच्याकडे बघत होती. घाबरून नाही — बघत होती. मी लग्न केलं नाही त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही, आजही नाही. पण बघितलं मी ते.

"गोळी चुकवतेस?"

"एकबी नाई, मॅडम."

"ठीक. पुढच्या महिन्यापासून दोघांनी वाशिमला जायचं. डॉक्टरला समोर बसून दाखवायचं. कागद हिच्या नावाचा. कोणी पुकारलं तर उठून आत जायचं. जमेल?"

"जमेल," दोघंही म्हणाले. मग तिने विचारलं, "आणि पत्र?"

"माझ्या पत्राचं मी बघते. चहा घ्या आणि चला, ऊन चढतंय."

रविवार, २२ मार्च

राजू सगळ्यांना सांगेल, मॅडमले मिरगी हाय. मानोरा, केनवड, इंझोरी. जमनाबाई म्हणेल, काहून लपवलं माझ्यापासून? रस्त्यात मी जरा थांबले की लोक धरायला धावतील. कांदा नाकाला लावतील!

दीडपट हप्ता बसतो. पेपर बंद करावा लागेल, दुपारचं दूधही. बसतो.

सिस्टर ऑगस्टीनना काय सांगू, ते ठरत नाही.

मंगळवार, २४ मार्च २०२६. दुपारी १२ वाजून ५ मिनिटं

पोहरादेवीच्या यात्रेच्या गाड्यांनी रस्ता भरला आहे. पोस्टात रांग. जुनं पत्र चुलीत. नवं रजिस्टर केलं, त्याची नक्कल इथे —

"महोदय, पिशवीतले कागद माझेच आहेत. आजारही माझाच आहे. दुसऱ्या कोणाचे असल्याचं मी आपल्या एजंटास सांगितलं, ते लाजेपोटी. आता कोणाच्याही घरी माणूस पाठवण्याचं कारण नाही. वाढीव हप्ता किती, आणि १ एप्रिलपासून संरक्षण देणार की नाही, हे सोमवार, ३० मार्च, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. सहीसह. फोन चालणार नाही. — धम्मदीपा भगत."