निळा वाढव

कामोठे,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. कुठलं यंत्र पाठवू, असं तू विचारून आठवडा झाला. उत्तर आज देतेय. आई बरी आहे, गुडघे शेकणं चालू आहे.

यंत्रं दोन प्रकारची. एक फक्त कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे रंग तपासून बरोबर लावून देतं. दुसरं छापील कागदाचा, कापडाचाही रंग वाचतं. माझ्या लेबलं डिझाइन करायच्या कामाला दुसरं सोयीचं. पण कापडाचा रंग वाचणं हे अण्णांचं काम. तळोज्याच्या डाइंग कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी शेड जुळवल्या. कारखाना बंद पडला तरी रीत तीच. सकाळी दहाच्या आत, उत्तरेच्या खिडकीशी, आधी राखाडी फडक्याकडे बघून डोळे निववायचे, मगच रंगावर बोलायचं. माझा स्क्रीनही दर रविवारी तेच लावून देतात. "निळा मेलाय. वाढव." मी वाढवते.

नमितानं, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीनं, तिचं यंत्र दोन दिवस वापरायला दिलं. डबीएवढं, स्क्रीनवर लटकवायचं. अण्णा म्हणाले, "या डबीचा चहा झालाय का? बिनचहाची नजर रंगावर बसत नाही."

तपासणी संपली की एक बटण येतं. दाबलं की आधीचा स्क्रीन, परत दाबलं की दुरुस्त केलेला. आधीचा इतका निळा होता की लेबलावरची हळद पांढुरकी दिसत होती, म्हणून मी पिवळा वाढवत गेले आणि छापून ती भडक आली. मसालेवाल्या राजलक्ष्मीताईंनी लेबलं परत का पाठवली, ते तेव्हा कळलं. दादा, स्क्रीन बिघडला नव्हता. दोन वर्षं मीच तो अण्णांच्या शब्दावर सरकवत गेले होते.

मी दोन्ही दाखवून विचारलं, "कुठला बरोबर?"

"हा काय," आधीच्यावर बोट ठेवून म्हणाले. "दुसरा पिवळा पडलाय."

चष्म्याचा नंबर काढायला म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याची नस सुकत चालली आहे, बहुधा इतक्या वर्षांच्या केमिकलमुळे. गेलेलं परत येत नाही, ऑपरेशन नाही. हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांना वाटतं, थेंब दिलेत म्हणजे बरं होईल.

गेल्या दिवाळीत तू हेच म्हणाला होतास. "अण्णांना रंग कळत नाहीत आता." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, दहावी नापास माणसानं शहाणपणा शिकवू नये. तेव्हापासून तू आला नाहीस. यंत्राचं विचारायला फोन केलास, तोही आईच्या मोबाइलवर.

यंत्र पाठवू नकोस. नमिताचंही परत केलं. आज रविवार. अण्णांनी निळा वाढवायला सांगितला, मी वाढवला.

दुसऱ्या एका डाइंगवाल्यांनी अण्णांना शेड मास्तर म्हणून विचारलंय, हे आईनं तुला सांगितलंच असेल. एक शेड चुकली की अख्खा लॉट वाया, आणि नाव अण्णांचं. टेस्टची तारीख फोनवर कळवणार होते. अण्णांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. रोज सकाळी मोबाइल मांडीवर घेऊन उत्तरेच्या खिडकीशी बसतात.

तो फोन येणार नाही. गुरुवारी मीच त्यांच्या मॅनेजरना सगळं सांगितलं.

तुझी शिकलेली बहीण,
गीतांजली