सोड्याने घासलेला सेंट

डेकोरा, आयोवा
३ फेब्रुवारी १९९८

चि. लायल यास व्हर्नाताईचे अनेक आशीर्वाद.

एमेटकाकांची आयरीन गेली. काल चर्चमध्ये निरोप झाला. मी भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश करून नेलं, पण बाबा काही आले नाहीत. घासलेलं नाणं गळ्यात मारणाऱ्याचं तोंड बघणार नाही, हेच सदतीस वर्षांचं तुणतुणं. अरे, बायको गेली त्या माणसाची! निघताना काकांनी माझा हात धरून बाबांबद्दल विचारलं, की एल्डनला अजूनही मी लबाडच वाटतो का. 

बँकेतून सेंटांच्या गुंडाळ्या आणून तुम्ही तिघं, तू, बाबा आणि काका, टांकसाळीत चुकलेली नाणी शोधायचात, आठवतं? दुहेरी छापलेला आकडा दिसला की घर डोक्यावर! आता बाबा एकटेच नाकाशी भिंग धरून बसतात, आणि दिसत काही नाही.

लोभ आहेच, पत्राचा आळस तेवढा सोड.
तुझी व्हर्नाताई

डुलुथ
१० फेब्रुवारी

ती. व्हर्नाताईस, सा. न. वि. वि.

ताई, ते नाणं मी घासलं.

डाइमच्या, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याच्या, चांदीच्या चकतीवर चुकून एका सेंटचा छाप बसलेला तो सेंट. काकांना गुंडाळीत सापडला आणि बाबांच्या वाढदिवसाला त्यांनी तो देऊनही टाकला. क्लबच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मला वाटलं, इतकं दुर्मिळ नाणं काळपट कशाला न्यायचं? खाण्याचा सोडा घेतला आणि चकाचक केलं. दहा वर्षांचं डोकं ते! नाण्याची जुनी कळा पुसली की ते मातीमोल होतं, हे मला परीक्षकांनी भिंग लावून ते बाजूला सारलं तेव्हा कळलं. बाबांनी भर सभेत काकांना लबाड म्हटलं. काका टोपी उचलून निघून गेले आणि मी डोनट खात बसलो होतो. ताई, मी तो डोनट संपवला.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता सत्तेचाळीस वर्षांचा झालो. लाज वाटते गं. हे पत्र बाबांना वाचून दाखव. घरात पाऊल टाकू नको म्हणाले तरी दाखव.

लायकी नसली तरी माया असू दे.
तुझा लायल

डेकोरा
१६ फेब्रुवारी

चि. लायल यास आशीर्वाद.

मी सांगतो आहे, व्हर्ना लिहून घेते आहे. मधेच रडते, म्हणून अक्षर असं.

मला माहीत होतं. प्रदर्शनाच्या सकाळी डबी उघडली तर नाणं लखलखत होतं आणि तुझ्या बाहीला सोडा लागलेला. तरी नेलं. म्हटलं, परीक्षकांच्या नजरेतून सुटेल. सुटलं नाही. चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि तोंडातून एमेटचं नाव गेलं. तुला वाचवायला नव्हे हो, उगाच मला मोठेपणा देऊ नकोस. मी माझी अब्रू वाचवली. मग तेच इतकी वर्षं बोलत राहिलो, की स्वतःलाही पटावं. आयरीनला निरोप द्यायला गेलो नाही, तो रागाने नव्हे. एमेटच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

तू पोर होतास, तुला कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

शनिवारी ये. मला आता गाडी चालवता येत नाही, एमेटकडे तू ने. आधी मी बोलणार. मधे पडून माझी बाजू घेतलीस तर याद राख. त्याने दार उघडलं नाही, तर बाहेर बर्फात उभं राहून सांगू.

लोभ असावा म्हणायला मला तोंड नाही. ये मात्र.
तुझा बाबा