खिडकीतलं ऊन

सांगली, ९ डिसेंबर १९९४

ती. गुणमालाआक्का,

काल प्रीती आईला दूधभात भरवत होती तेव्हा मी दारात चपला काढत होतो. दिवस मावळून अर्धा तास झाला होता.

आई दुपारी शुगरची गोळी घेऊन झोपली ती तिन्हीसांजेलाच उठली. पोट रिकामं, हात थरथरत होते. असं झालं तर लगेच खायला घाला, नाहीतर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आईचा नेम; मावळतीनंतर तिनं पन्नास वर्षांत पाणीही घेतलेलं नाही. आता तिला दिसत नाही, म्हणून ती विचारून जेवते.

"दिवस हाय न्हवं गं?"

"हाय की. खिडकीत ऊन आलंय. आ कर."

"मग गार का लागतंय?"

"डिसेंबर हाय, आज्जी. आता उन्हाळा कुठनं आणू तुझ्यासाठी?"

आई हसली आणि जेवली.

आमची ही मुलगी दुकानात गिऱ्हाइकासमोर "अण्णा, ही हळद ओली हाय" म्हणणारी. पंधरा वर्षांची झाली तरी तिला खोटं बोलता येत नाही, याची मला काळजी वाटायची. मी आधी घरात पोचलो असतो तर आईला खरं सांगून विनवत बसलो असतो, आणि तिनं ऐकलं नसतं.

तू आईपासून काही लपवत नाहीस. म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

तुझा,
सुकुमार

ता. क. आज सकाळी प्रीतीनं चहा घेतला नाही. उपवास आहे म्हणाली. कशाचा, असं मी विचारलं.

"आज्जीच्या कालच्या जेवणाचा," ती म्हणाली आणि शाळेत गेली.