तळातल्या माशांना काय घालायचं

ट्रॉय, मिशिगन
६ एप्रिल २०२५, रविवार

प्रिय अतुल,

सप्रेम जय भीम. आमच्याकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो. बर्फ गेला, चिखल राहिला. अदितीचा खोकला थांबला असेल असं धरून चालते.

ऑफिसच्या पत्त्यावर पत्र बघून दचकला असशील. मुद्दाम तिथे पाठवलं. फोन तू स्पीकरवर टाकतोस, आणि व्हॉट्सॲपवर काही लिहिलं तर अर्धं वाचून अंगठा दाखवतोस. हे पूर्ण वाच.

तुझा मेसेज आणि फोटो मिळाले. तळाशी राहणाऱ्या सहा कोरी माशांपैकी चार गेले. पोटं वर, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी, आणि पाण्याला तो पिवळट तवंग. शी! मी जेवत होते, ताट बाजूला सारलं. आणि त्या फोटोखाली तू लिहितोस, 'ताई, आता बॉटमचा दुसरा कुठला मासा आणू? घाण साफ करणारा, प्युअर व्हेज आणि इतका नाजूक नसलेला सुचव.' वर हसरा चेहरा! चार जीव मारून हसरा चेहरा टाकताना काही वाटलं नाही का रे तुला?

बरं, आधी माशांचं बोलते.

दुकानदार तुला प्लेको दाखवेल. बोटाएवढा असतो, काचेला चिकटून बसतो, शेवाळ खातो, म्हणजे तुझ्या हिशोबात प्युअर व्हेज. घेऊ नकोस. दोनेक वर्षांत तो फूटभर होतो आणि दिवसभर दोरीसारखी विष्ठा सोडत फिरतो. तुमच्या वीस गॅलनच्या टाकीत त्याला नीट वळताही येणार नाही. लांब मिशांचा, चंदेरी, ठिपकेवाला पिक्टसही दाखवेल. दिसायला राजबिंडा, पण अदितीचे निऑन टेट्रा एकेक करून गिळेल आणि तुम्ही सकाळी उठून मासे मोजत बसाल. तुमच्याकडे गप्पी आहेत, निऑन आहेत. त्यांच्यासोबत तळाशी राहायला कोरीच बरे. लहान, गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. फक्त एकटे राहत नाहीत, सहाजण तरी लागतात, आणि खाली मऊ वाळू लागते, नाहीतर मिशा झिजतात. म्हणून तर मी दुकानात तासभर उभी राहून ते निवडले होते. अदिती सारखी म्हणत होती, "आत्या, दे आर विंकिंग ॲट मी!" निवड चुकली नव्हती अतुल. तू त्यांना उपाशी मारलंस.

तळाचा मासा वरच्यांची घाण खाऊन जगतो हे तुला कुणी सांगितलं? घाण कुणीच खात नाही. त्यालाही त्याचं खाणं लागतं, तळाशी पोचणारी गोळी लागते. त्या गोळीत माशाची, कोळंबीची पूड असते हे वाचलंस आणि तू ती घरात ठेवेनास. त्याऐवजी काय घातलंस? भिजवलेली मुगाची डाळ! आणि भाताची शितं! राधिकाने सांगितलं मला फोनवर. डाळ वाळूत कुजली, पाणी नासलं, हॉलमध्ये वास मारायला लागला तेव्हा तू उदबत्ती लावलीस. हसू की रडू? नागपूरला आपल्या दारात सुकटीचा वास सुटला की तू शाळेतून पळत यायचास. आता मासेसुद्धा वरण-भातावर!

तूर्त नवीन मासा आणू नकोस. एक तृतीयांश पाणी बदल, दोन दिवसांनी परत बदल. वाळूतली डाळ नळीने ओढून काढ. उरलेल्या दोघांना रोज एकेक गोळी घाल. पाणी स्वच्छ झालं की त्यांना आणखी चार सोबती आण. झालं माशांचं.

आता तू विचारलं नाहीस ते. मागच्या खेपेला मी तुमच्याकडून दोन दिवस आधी का निघाले? ऑफिसमधून फोन आला, प्लांटमध्ये ऑडिट आहे, असं मी सांगितलं. असं काही नव्हतं. खोटं बोलले. विमानतळावर तू माझी बॅग उचलून दिलीस, 'आईला घ्यायला तूही परत ये' म्हणालास, आणि मी मान हलवली. आई मेमध्ये तुझ्याकडे सहा महिने राहायला येणार म्हणून तू खूश होतास. ती खुशी खोटी होती असं मी म्हणत नाही. तेच मला कळत नाही.

त्या शनिवारी तुमच्याकडे शेजारचे ऋषी आणि दीपा जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर दीपाने टाकीत वाकून विचारलं, "हे खालचे काय खातात रे?" तू म्हणालास, "उरलंसुरलं. त्यांना वेगळं घालायची गरज नसते." आणि हसलास. सगळे हसले. मी म्हटलं, असं नाही, त्यांना संध्याकाळी गोळी द्यायची असते, कुठे ठेवल्यास? तू ऋषीशी बोलता बोलता म्हणालास, "गराजमध्ये आहेत. उद्या टाकू ना." मी म्हटलं, उद्या कशाला, मीच आणते.

गराजमध्ये वॉशरच्या बाजूला फळी आहे. तिच्यावर गोळ्यांचा डबा होता, पाणी काढायची नळी होती, बादली होती. आणि त्यांच्या शेजारी माझं ताट.

निळं मेलामाइनचं ताट, वाटी, प्लास्टिकचा ग्लास. तीन दिवस मी त्यातच जेवत होते. बाकी सगळ्यांना स्टीलची ताटं, मला ते निळं. मला वाटलं, पाहुणी म्हणून जरा छान दिलंय. मी राधिकाला म्हणालेसुद्धा, 'रंग सुंदर आहे गं.' तिने लगेच विषय बदलला होता, तो का ते मला तेव्हा कळलं नाही. ताट धुवून उपडं ठेवलेलं होतं, खाली वेगळा स्पंज, गराजच्या सिंकवर. त्याच स्पंजने माशांची नळी पुसली जात असणार, कारण त्याला हिरवं शेवाळ लागलेलं होतं. अतुल, मला तिथेच ओकारी आली. मी सिंकवर वाकले आणि राधिकाच्या आईने, अहिल्या काकूंनी, इतक्या प्रेमाने वाढलेलं भरलं वांगं सगळं बाहेर पडलं.

तू म्हणशील, ताई, नॉनव्हेजची भांडी वेगळी ठेवतात, पुष्कळ घरी ठेवतात. ठेवतात. मला माहीत आहे. पण त्या ताटात तू मला मासा वाढला होतास का? वरण-भात वाढलास. पोळी वाढलीस. त्याच कुकरमधला भात, त्याच कढईतली भाजी. मग वेगळं काय होतं रे? भांडं की मी?

राधिका मागोमाग आली. माझी पाठ चोळत रडायला लागली. म्हणाली, "ताई, शपथ घेते, मी नाही सांगितलं. आई-बाबांनीही नाही. अतुलनेच आणली ही भांडी." मला आधी पटलं नाही. मला वाटलं, पोरगी आई-बापाला वाचवतेय. माझा सगळा राग काका-काकूंवर निघाला होता, मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणून घेतलं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा शशिकांत काका मला हळूच म्हणाले, "संघमित्रा, तू मासे फार चांगले करतेस म्हणे. ट्रॉयला आलो तर खायला घालशील का? काकूला सांगू नकोस, पुण्यातही मी मित्राकडे जाऊन खातो." आणि काकूंनी त्याच दुपारी माझ्या ताटातला लाडू अर्धा मोडून स्वतः खाल्ला, 'मला पूर्ण जात नाही' म्हणून. त्यांना त्या निळ्या ताटामागचं काही माहीतच नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं तुला ते. कुणी बोट दाखवायच्या आधीच तू आपल्या हाताने आपल्या बहिणीला गराजमध्ये नेऊन ठेवलंस. काकांनी केलं असतं तर मी भांडले असते, दोन शब्द सुनावून जेवायला बसले असते. तू केलंस. याची किळस कुठे थुंकू मी?

आणि फळीवर आणखी एक सेट होता. अगदी नवा. ताट, वाटी, ग्लास. राधिकाला विचारलं, हा कुणाचा? तिने तो घाईघाईने बादलीमागे सरकवला.

तो आईचा होता ना?

बाबा गेल्यावर तिने वर्ष एकटीने काढलं. तीस वर्षं नागपूरच्या मेयो हॉस्पिटलमध्ये नर्स होती, कुणाकुणाचं रक्त, ओकाऱ्या, गू-मूत उचललं, कुणाला विचारलं नाही तू कोण. तिने तुला इंजिनीअर केलं म्हणून सांगत नाही, ते तुला ठाऊक आहे. मी एवढंच विचारते, त्या दुकानात रांगेत उभा राहून तू आईसाठी ते ताट निवडत होतास तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? काहून रे? मला खरंच कळून घ्यायचंय.

मी तिचं तिकीट बदललं. ती तुमच्या अटलांटाला येणार नाही, डेट्रॉइटला उतरेल. तिला कारण सांगितलं नाही. म्हटलं, अतुलच्या घरी सध्या माणसं जास्त आहेत, आधी माझ्याकडे ये. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "अतुलला वाईट वाटेल गं. मी तर जानेवारीपासून सुकट, बोंबील सगळं बंद केलंय. डब्बे धुवून उन्हात ठेवले. म्हटलं, पोराच्या सासरची माणसं आहेत घरात, आपल्यामुळे त्याला अवघड नको."

फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

अदितीला ट्रॉयला पाठव, किंवा सगळे मिळून या. राधिका, काका, काकू, सगळ्यांना माझ्याकडे जागा आहे. तूही ये. पण आईसमोर जेवायला बसण्याआधी ती तुझ्या घरी का आली नाही हे तिला तुझ्या तोंडाने सांगावं लागेल. मी सांगणार नाही, राधिकाही नाही. तुला जमत नसेल तर येऊ नकोस. ती रोज विचारेल तू कधी येणार, आणि मी रोज म्हणेन, त्याला रजा मिळत नाही.

'तुझी ताई' असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. सध्या नुसतीच,

आईची मुलगी,
संघमित्रा