शतकाच्या आत शंभर सभासद

१९ ऑक्टोबर १९९९, दसरा

संकल्प. जगभर पांगलेली खान्देशातली माणसं इंटरनेटवर एकत्र आणायची. ३१ डिसेंबरला शतक संपतंय, त्याआधी शंभर सभासद. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, शतक पुढच्या वर्षी संपतं. ह्यांचं सगळंच पुढच्या वर्षी.

माणसं जमवणं मला येतं. भगिनी मंडळ मी दोन महिन्यांत उभं केलं होतं. ते बंद पडलं ते माझ्यानंतरच्या अध्यक्षांमुळे.

याचा हेमकांतशी काही संबंध नाही. गणपतीनंतर कॅलिफोर्नियाहून त्याचा फोन नाही, पत्र नाही, मेल नाही, ही वेगळी गोष्ट. मुलं कामात असतात.

२१ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर हिलालभाऊंच्या दुकानात. पूर्वी नुसता एसटीडी बूथ होता, आता त्याच काचेच्या खोलीत कॉम्प्युटर. पंखा लावला की इंटरनेट तुटतं असं त्यांचं म्हणणं. घामाघूम होऊन बसलो. भाऊ दोन बोटांनी टाइप करतात.

ग्रुप निघाला! नाव 'खान्देशची चूल'. सगळ्यांनी भोवती येऊन बसावं म्हणून.

भाऊंनी विचारलं, बाई, व्यवस्थापक म्हणून तुमचं नाव टाकू? नको म्हटलं. संस्थापकाने पुढेपुढे करू नये. शिवाय आईने काढलेला ग्रुप म्हटला की हेमूला मित्रांत अवघडल्यासारखं होईल. शंभर झाले की सांगू. थक्क होईल.

सभासद तीन. मी, हिलालभाऊ, हेमकांत. हेमकांतचं नाव मीच घातलं. घरच्या माणसाला काय विचारायचं?

२५ ऑक्टोबर

पहिली सूचना पाठवली. 'परदेशी सभासदांनी थंडीत कान झाकावेत.' परदेशी सभासद सध्या एकच आहे, पण सूचना सर्वांसाठी असते.

उत्तर नाही. तिकडे अजून रविवारच असेल.

३ नोव्हेंबर

चौथा सभासद! मूळचे एरंडोलचे एक डॉक्टर, दुबईत असतात. त्यांना ग्रुप कसा सापडला देव जाणे. लिहितात, दुबईत कान झाकायची गरज पडत नाही, पण कुणीतरी सांगितलं, बरं वाटलं.

हेमकांतचं उत्तर नाही. तो बारकाईने वाचत असणार. लहानपणीही वाचताना हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

९ नोव्हेंबर, भाऊबीज

दिवाळीत हेमूचा फोन आला नाही. रिसीव्हर उचलून पाहिला, चालू आहे. परत उचलून पाहिला. हे म्हणाले, अगं तू सारखी उचलतेस, मग लागेल कसा? म्हणजे दोष माझाच. ठीक.

ग्रुपवर सूचना: 'सणाला घरी फोन करावा. काही बोलायला नसलं तरी चालेल, नुसता आवाज पुरतो.'

१० नोव्हेंबर

डॉक्टरांचं उत्तर. सूचनेप्रमाणे एरंडोलला फोन केला. आई रडली. दर शुक्रवारी करणार आहेत.

सूचनांचा उपयोग होतो हे सिद्ध झालं.

१५ नोव्हेंबर

आकडा चारवरच. दिवाळीची सुट्टी, लोक गावाला गेले, शिवाय हिलालभाऊंची फोनलाइन. माझ्याकडून काही कमी नाही. आता घरोघर फिरायचं.

१७ नोव्हेंबर

शेजारच्या भागाबाईंपासून सुरुवात. त्या धुळ्याकडच्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हाई कसानं मंडळ शे? त्यामा जेवण शे का? नाही म्हटलं. मग म्हणाल्या, बरं, घरटी एक लिखतस का चूलबंद?

मी उभीच राहिले. आपल्याकडे लग्नाचं आवतण तसंच असतं की! घरटी एक म्हटलं तर घरातून एकाने जेवायला जायचं. चूलबंद म्हटलं तर अख्खं घर, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आणि ग्रुपचं नावच चूल. इतके दिवस हे सुचलं कसं नाही?

ठराव: सभासदत्व चूलबंद राहील. एकाने होकार दिला की घर आलं.

भागाबाईंकडचे नऊ. बाळंतिणीचं बाळ धरून. एकूण तेरा.

२१ नोव्हेंबर, रविवार

पिंप्राळ्यातल्या तीन गल्ल्या झाल्या. घरांत माणसं भरपूर आहेत याचा पहिल्यांदाच आनंद झाला. आकडा छप्पन्न. ईमेल कुणाकडेच नाही, म्हणून सगळ्यांना हिलालभाऊंचाच पत्ता दिला.

भाऊ म्हणाले, बाई, कॉम्प्युटर चारच दाखवतोय. मी म्हटलं, भाऊ, कॉम्प्युटर घरटी एक मोजतो. अमेरिकेत बनलाय, त्याला चूलबंद काय कळणार?

भाऊंनी चहा मागवला. विषय संपला.

आपल्याकडचे किती धरले हे आत्ता लक्षात आलं. मी, हे आणि हेमू. चूल एक, सभासद तीन. ह्यांना न विचारताच घातलं. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, घाल.

२८ नोव्हेंबर, धुळे

ह्यांच्या भाचीचं लग्न. आहेर पुकारत होते तेवढ्यात माइक घेतला आणि खान्देशच्या चुलीबद्दल थोडंसं बोलले. हे मांडवातून बाहेर जाऊन उभे राहिले. उकाड्यामुळे.

वरपक्ष चूलबंद आला. चाळीस. त्यांच्यातले एक आबा मात्र सारखे विचारत होते, बाई, याचं जेवण कधी? लोक जेवणाचं विसरत नाहीत. भागाबाईंचंही तेच. विचार करायला हवा.

एकूण सत्त्याण्णव. शतकाला अजून महिना आहे. शाळेत मी नेहमी सांगते, ध्येय समोर असलं की माणूस पोचतो.

परत येताना एसटीत हे म्हणाले, त्याला साधं एक पत्र लिही ना तू, तुझ्या नावानं. मी म्हटलं, पत्र लिहिलं की त्याला उत्तर द्यायला लागतं. ग्रुपचं तसं नसतं.



५ डिसेंबर, रविवार

भरीत पार्टी. पलीकडच्या मळ्यात. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. सभासद भरभरून आले. धुळ्याचे आबासुद्धा, नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून. येताना आणखी पाच जणांना घेऊन आले.

एकशे दोन!! आज ५ डिसेंबर. शतकाच्या आत.

इंटरनेटचा विषय कुणी काढला नाही. काढायला हवा होता असंही नाही. भागाबाई भरीत वाढता वाढता म्हणाल्या, बाई, बठ्ठा चूलबंद उना, तुमना पोऱ्याच नही उना. सगळे आले, माझाच मुलगा नाही, हे ऐकून दोन-तीन जणी हसल्या. मीही हसले. मग पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत गेला.

हेमूला आता सांगायला हरकत नाही. शंभर झाले. पण उद्या सांगावं.

६ डिसेंबर

सांगितलं नाही. शंभर टिकतात का हे आधी पाहिलं पाहिजे.

ग्रुपवर पार्टीचं वर्णन पाठवलं, वांग्यांच्या देठांपर्यंत. खाली लिहिलं, 'परदेशी सभासदांच्या वाटचं झाकून ठेवलं आहे.'

१२ डिसेंबर

धोरण बदललं. नुसती वाढ उपयोगाची नाही, ऊब हवी. आता रोज दोन सूचना. शाळेच्या आधी एक, नंतर एक. डोक्याला तेल लावावे. बाहेरचे फार खाऊ नये. गेल्या वर्षीचा खोकला गेला का, कळवावे.

दुबईच्या डॉक्टरांनी कळवलं, मला खोकला नव्हताच, पण विचारल्याबद्दल आभार. सालस माणूस. त्यांची आई एरंडोलहून शिधा घेऊन आली होती, हिलालभाऊंच्या दुकानात. शेवया, उडदाचे पापड. यशोदाबाई नाव त्यांचं. पोऱ्याला फोन करायला लावणारे ते व्यवस्थापक साहेब कुठे बसतात, असं विचारत होत्या. मी तिथेच बाकावर होते. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, साहेब आज आले नाहीत.

पापड चांगले आहेत. ह्यांना आवडले.

१९ डिसेंबर

आता रोज तीन सूचना. नाताळच्या सुट्टीत तिकडे वाचायला वेळ मिळतो.

२८ डिसेंबर

चार दिवस लाइन बंद. सूचना साचल्या. सगळ्या एकदम सोडल्या. चौदा.

३१ डिसेंबर १९९९, सकाळी साडेदहा

हेमकांतची मेल आली.

हिलालभाऊंनी आधी वाचली. मग म्हणाले, बाई, कॉम्प्युटर हँग झाला, उद्या या. मला पडदा स्वच्छ दिसत होता.

इंग्रजीत आहे. 'डिअर सर' अशी सुरुवात. माझं नाव तुमच्या यादीत कुणी घातलं मला माहीत नाही, फार मेल येतात, न उघडताच काढाव्या लागतात, कृपया नाव कमी करावे. खाली पूर्ण नाव, हेमकांत शालिग्राम चिरमाडे. वडिलांच्या नावासकट. व्यवस्थित लिहिलंय. स्पेलिंगची एक चूक नाही.

भाऊ एरवी माझ्याशी शाळेतल्यासारखं नीट बोलतात. आज म्हणाले, बाई, सांगी टाकू का त्याले, साहेब नही, तुनी माय शे म्हणीसन?

मी म्हटलं, नाही. कुणी जायचं म्हटलं तर त्याला सोडायचं. नियम आहे. (असा नियम नव्हता. तेव्हा केला.)

भाऊंचं बोट बटणावर जाईना. शेवटी मीच दाबलं. कॉम्प्युटरवर तीन राहिले.

आमच्या हिशेबाने एकशे एक. पण नाही. सभासदत्व चूलबंद आहे. एकाने होकार दिला की घर आलं, तसं एक गेला की घर गेलं. हेमूबरोबर हेही गेले, मीही गेले.

व्यवस्थापक म्हणून एका ओळीत कळवलं, तुमचं नाव कमी केलं आहे. उठणार इतक्यात पडद्यावर उत्तर. लगेच. 'थँक यू सर. हॅपी न्यू इयर.'

म्हणजे तो त्या वेळी तिथे बसलेला होता. मी इथे बसले होते, तो तिथे. मधे काही नव्हतं.

मीही लिहिलं, हॅपी न्यू इयर. खाली नाव लिहिणार होते. मग व्यवस्थापक लिहिलं.